बँकेचे साठ लाख आणि तुमचे पंचवीस

पत्र थोडक्यात: मूळच्या साताऱ्याच्या, पुण्यात नोकरी करणाऱ्या ३४ वर्षांच्या एका वाचकाने लिहिलं आहे. त्या आणि त्यांचा नवरा एका सोसायटीतला जुना टू बीएचके घेत आहेत. किंमत ७८ लाख. हातात २० लाख आहेत, ६० लाखांचं कर्ज मंजूर झालंय. एक लाख टोकन दिलंय. येत्या गुरुवारी साठेखताची (विक्रीच्या कराराची) नोंदणी ठरली आहे आणि त्या दिवशी मालकाला आणखी १० लाख द्यायचे आहेत. मालकाचं त्याच फ्लॅटवर दुसऱ्या बँकेचं २२ लाखांचं कर्ज बाकी आहे. वाचक लिहितात: "सँक्शन लेटर बारा पानांचं आहे. स्प्रेड, पीएलआर, एलओडी, ओसीआर, नोटीस ऑफ इंटिमेशन, यातलं मला काही कळत नाही. ६० लाख मागितले होते, पत्रात ६१ लाख ७० हजार आहेत. नवरा म्हणतो, 'बँकेच्या वकिलाने सगळं बघितलंय, सगळे सही करतात, तू पण कर.' एजंट म्हणतो, फ्लॅट फक्त माझ्या नावावर घेतला तर ७८ हजार वाचतील. सासऱ्यांना ते पटत नाही. हप्ता ५३ हजार ५४५ येतोय, तो आम्हाला झेपतो. मग मला भीती का वाटते? मी उगाच खोडा घालतेय का?"

ताई,

खोडा घालत नाही आहात. त्या बारा पानांतली तफावत तुमच्या लक्षात आली. बाकी कोणाच्या आली नाही, किंवा आली तरी कोणी बोललं नाही.

शब्दांचं आधी उरकते. ते सगळे पाठ करायची गरज नाही. घरखरेदीतला प्रत्येक कागद शेवटी एवढंच सांगत असतो की पैसे किती, ते कोणाला आणि कधी द्यायचे, आणि मध्येच व्यवहार फिसकटला तर ते कोणाकडे राहणार. पहिल्या दोन गोष्टी सगळे विचारतात. तिसरी विचारायला संकोच वाटतो, कारण ती विचारली की समोरच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं होतं. तुमची भीती मला तिसऱ्या गोष्टीची वाटते. ती रास्त आहे.

आता तुमच्या नवऱ्याच्या वाक्याकडे वळू. बँकेच्या वकिलाने कागद पाहिले हे खरंच असेल. पण तो वकील बँकेचा आहे. उद्या हप्ते थकले तर हा फ्लॅट विकून ६० लाख वसूल होतील का, हे त्याने पाहिलं. ७८ लाखांचा फ्लॅट ६५ लाखांना गेला तरी बँकेचे पैसे सुटतात. वर घातलेल्या तुमच्या पैशांचं काय, हा प्रश्न त्याला कोणी विचारलेलाच नाही. पार्किंग कागदोपत्री आहे की नुसतं तोंडी, सोसायटीची थकबाकी किती, इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र आहे का, जमिनीचं अभिहस्तांतरण सोसायटीच्या नावे झालंय का, मालकाने ताबा उशिरा दिला तर काय, हे त्याच्या अहवालात असेलच असं नाही. तो अहवाल बहुतेक वेळा ग्राहकाला दाखवतही नाहीत. म्हणून स्वतःचा वकील लावा. तीस वर्षांचा सर्च (मालकीच्या जुन्या नोंदींचा शोध) आणि साठेखताचा मसुदा वाचून घेणं, एवढंच काम आहे. ७८ लाखांच्या व्यवहारात त्याची फी तुम्हाला जाणवणारही नाही. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च करून सूची क्रमांक दोन, म्हणजे ज्याला सगळे 'इंडेक्स टू' म्हणतात, ती तुम्ही स्वतःही पाहू शकता. फ्लॅट आजवर कोणाकडून कोणाकडे गेला हे त्यात दिसतं.

तुम्ही लिहिता, ७८ वजा ६० म्हणजे १८, आणि हातात २० आहेत. इथे मात्र थांबा. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क सगळे अधिभार धरून ७ टक्के आहे, म्हणजे ५ लाख ४६ हजार. रेडी रेकनरची, म्हणजे सरकारने ठरवलेली, किंमत ७८ लाखांपेक्षा जास्त निघाली तर शुल्क त्या किमतीवर लागेल. नोंदणी फी ३० हजार. एजंट एक टक्का घेत असेल तर आणखी ७८ हजार. सोसायटीचं हस्तांतरण अधिमूल्य महापालिका क्षेत्रात २५ हजारांपर्यंत असू शकतं. ते कोणी भरायचं हे मालकाशी बोलून ठरवा. त्याहून जास्त 'स्वेच्छा देणगी' मागितली तर शासनाची मर्यादा दाखवा. कर्जाची प्रोसेसिंग फी आणि वकील वेगळे. सगळं मिळून तुमच्या खिशातून २५ लाखांच्या आसपास जाणार. ओसीआर म्हणतात तो हाच तुमच्या हिश्श्याच्या रकमेचा पुरावा. बँक तो कर्ज देण्याआधी मागते. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च घराच्या किमतीत धरून त्यावर कर्ज देऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. अगदी छोट्या घरांनाच त्यातून सूट आहे.

म्हणजे पाच लाख कमी पडतात. सही करण्याआधी तुम्हा दोघांनी बसून बोलायला हवं ते यावर. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला किमतीच्या ८० टक्क्यांची मर्यादा आहे, म्हणजे कागदावर ६२ लाख ४० हजारांपर्यंत जाता येईल. पण बँकेने केलेलं मूल्यांकन ७८ पेक्षा कमी निघालं तर ८० टक्के त्या कमी आकड्याचे धरतात. पीएफमधून घरासाठी रक्कम काढता येते, विमा पॉलिसीवर कर्ज मिळतं, घरच्यांकडून उसने घेता येतात. पर्सनल लोन मात्र नको. त्याचा हप्ता आणि घराचा हप्ता एकदम सुरू झाला की 'झेपतो' हा शब्द दोन महिन्यांत खोटा ठरतो. काहीच जमलं नाही तर मालकाकडून मुदत मागा, नाहीतर किंमत पुन्हा बोला. त्यात लाज कसली?

कर्जाच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही लिहिली आहे, पण तिच्याकडे तुमचं लक्ष गेलेलं दिसत नाही. पत्रात रेपो दर (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो) कुठेच नाही, पीएलआर आहे. म्हणजे कर्ज देणारी ही बहुधा बँक नव्हे, गृहवित्त कंपनी आहे. (सोयीसाठी मीही पुढे बँकच म्हणते.) त्याने काय बिघडतं? ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवी फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या व्याजदराची, घरकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडावी लागतात आणि निदान तीन महिन्यांतून एकदा दर बदलून घ्यावा लागतो. गृहवित्त कंपन्यांना ही सक्ती नाही. त्यांचा पीएलआर त्या स्वतः ठरवतात आणि त्यातून एक सवलत (पत्रातला 'स्प्रेड' तो हाच) वजा करून तुमचा दर काढतात. पीएलआर वाढला की तुमचा दर लगेच वाढतो. कमी होताना तेवढी घाई नसते. नव्या ग्राहकाला जास्त सवलत आणि जुन्याला जुनाच दर, असंही होतं. मग जुन्याने फी भरून दर बदलून घ्यायचा. म्हणून गृहवित्त कंपनी वाईटच असते असं नाही. जिथे बँका अडतात तिथे या कंपन्या कर्ज देतात. पण तुमचे दोघांचे पगार नियमित आहेत, तेव्हा रेपोशी जोडलेल्या एखाद्या बँकेचा देकार शेजारी ठेवून बघा.

हप्ता झेपतो म्हणालात. ६० लाख, साडेआठ टक्के, २० वर्षं, हप्ता ५२ हजार ६९. पहिल्या महिन्याच्या हप्त्यातले ४२ हजार ५०० व्याजाचे आणि फक्त साडेनऊ हजार मुद्दलाचे. दर एक टक्क्याने वाढला आणि बँकेने हप्ता तोच ठेवून मुदत ताणली, तर २० वर्षांची पावणेसव्वीस होतात. हप्ता वाढवून घेतला तर महिन्याला ३ हजार ८५९ जास्त. दर दोन टक्क्यांनी वाढला तर महिन्याचं नुसतं व्याजच ५२ हजार ५०० होतं, म्हणजे हप्त्यापेक्षा जास्त. अशाने कर्ज फिटायच्या ऐवजी वाढतं. हे पुस्तकी नाही. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला. अनेकांना आपली मुदत वाढल्याचं फार उशिरा कळलं. त्यानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे कर्जदाराला विचारा आणि मुदत इतकी ताणू नका की हप्त्यातून व्याजही भागणार नाही. तेव्हा प्रश्न बदला. आज ५२ हजार झेपतात का, याऐवजी ५६ हजार झेपतील का, आणि एकाची नोकरी सहा महिने नसेल तेव्हाही झेपतील का, हे विचारा. उत्तर 'हो' असेल तर दर वाढल्यावर हप्ता वाढवून घ्या. मुदत वाढू देऊ नका.

आता वरचे एक लाख ७० हजार. पत्रात नीट शोधा, बहुधा कर्जविम्याचा हप्ता सापडेल. तो एकरकमी भरून कर्जातच मिळवलेला असतो. म्हणूनच तुमचा हप्ता ५३ हजार ५४५ दिसतोय. त्या विम्यापायी तुम्ही महिन्याला १ हजार ४७५ देणार आणि २० वर्षांत त्याचे ३ लाख ५४ हजार होणार. विमा हवा, यात वाद नाही. एवढं कर्ज डोक्यावर असताना दोघांचाही साधा टर्म इन्शुरन्स हवाच. पण तो कुठून घ्यायचा हे तुम्ही ठरवायचं. हाच विमा घेतला नाही तर कर्ज मिळणार नाही, असं कोणी म्हटलं तर म्हणा, "हे मला लेखी द्या." माझा अनुभव असा की लेखी कोणी देत नाही.

आणि केएफएस मागा. त्याला की फॅक्ट स्टेटमेंट म्हणतात. ऑक्टोबर २०२४ पासून घरकर्ज देणाऱ्या प्रत्येक बँकेने आणि वित्तकंपनीने हे पत्रक देणं बंधनकारक आहे. त्यात व्याजाबरोबर सगळी फी आणि विमा धरून कर्ज खरोखर किती टक्क्यांनी पडतं तो वार्षिक दर असतो, शिवाय हप्त्यांचं पूर्ण वेळापत्रक. त्यात नसलेली फी तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. विचार करायला निदान तीन कामकाजाचे दिवस मिळतात. आणि पत्रक कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावं, असा नियम आहे. मराठीत मागा. देताना कुरकुर होईल, होऊ दे. दोन देकारांची तुलना करायची तर जाहिरातीतल्या व्याजाची करू नका, या पत्रकातल्या वार्षिक दराची करा.

तुमच्या व्यवहारात मला सगळ्यात जास्त धोका दिसतो तो मालकाच्या २२ लाखांत. एजंट म्हणेल, "होतं हो सगळं." होतंच, रोज होतं. पण कशा क्रमाने होतं हे महत्त्वाचं. फ्लॅटचे मूळ कागद आज मालकाच्या बँकेकडे गहाण आहेत. कोणकोणते कागद तिच्याकडे आहेत त्याची यादी ती बँक लेखी देते, ती एलओडी. अमुक तारखेपर्यंत इतके भरले की कर्ज बंद, असं सांगणारं पत्र म्हणजे फोरक्लोजर लेटर. ही दोन्ही पत्रं गुरुवारच्या आधी तुमच्या हातात हवीत. यादीत मागच्या सगळ्या खरेदीखतांच्या मूळ प्रती, नोंदणीच्या पावत्या आणि सोसायटीचा भागदाखला आहे का ते वकिलाला बघू दे. एखादा कागद यादीतच नसेल तर तो नंतर आपोआप उगवणार नाही.

मग पैशांचा क्रम. गुरुवारी १० लाख मालकाच्या खात्यात गेले आणि त्यांनी ते आपल्या नव्या घरासाठी वापरले, तर त्यांच्या बँकेचे २२ लाख तसेच राहतात. कागद अडकलेले, आणि तुमचे ११ लाख गेलेले. म्हणून साठेखतात असं लिहून घ्या की तुमचे १० लाख थेट मालकाच्या कर्जखात्यात भरले जातील. तुमच्या बँकेचा पहिला धनादेश उरलेल्या कर्जापोटी मालकाच्या बँकेच्या नावाने निघेल. मूळ कागद मालकाच्या हाती न जाता थेट तुमच्या बँकेकडे येतील, आणि राहिलेली रक्कम त्यानंतरच मालकाला मिळेल. सरळ माणूस याला नाही म्हणत नाही, कारण त्याचंही कर्जच फिटतंय. नाही म्हणालाच, तर तेही गुरुवारच्या आत कळलेलं बरं.

आणखी दोन कलमं. तुमचा काही दोष नसताना कर्ज मिळालं नाही, किंवा मूल्यांकन कमी आलं, तर दिलेले पैसे किती दिवसांत परत मिळतील. आणि ताबा ठरल्या तारखेला दिला नाही तर दिवसाला किती भरपाई. मंजुरीपत्र म्हणजे पैसे नव्हेत. त्याला मुदत असते, अटी असतात, आणि कागदात काही निघालं तर बँक मागे हटू शकते. साठेखत हाही विक्रीचा करार आहे, विक्री नव्हे. मुद्रांक शुल्क तुम्ही साठेखतावरच पूर्ण भरणार, म्हणून पुढे खरेदीखत करायला नाममात्र मुद्रांक लागतो. तरी ताबा मिळाला की लोक खरेदीखत विसरतात आणि पंधरा वर्षांनी विकायला काढताना मूळ मालकाला शोधत फिरतात. ताब्याच्या दिवशीच ते उरका.

नावाचं. महाराष्ट्रात निवासी घर फक्त महिलेच्या किंवा महिलांच्या नावाने घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. जोडीला नवऱ्याचं नाव आलं की सूट गेली. तेव्हा एजंटचे ७८ हजार खरे आहेत. पण मालकी कोणाची, हा प्रश्न ७८ हजारांवर सोडवू नका. पैसे दोघांचे जात असतील आणि हप्ता दोघं भरणार असाल तर दोघांची नावं असणं मला रास्त वाटतं. तुमच्या नावावर फ्लॅट आणि नवरा नुसता सहकर्जदार, असंही करता येतं. पण मग तो हप्ते भरेल आणि मालक नसेल. जुन्या करपद्धतीत मालक नसलेल्याला घरकर्जाची वजावटही मिळत नाही. नव्या पद्धतीत राहत्या घराच्या व्याजाला वजावटच नाही, तेव्हा तिथे हा मुद्दा उरत नाही. दुसरीकडे, दागिने मोडून किंवा माहेरून मोठी रक्कम तुम्हीच आणली असेल तर एकटीचं नाव लावताना अपराधी वाटून घेऊ नका. सासऱ्यांना हे आकडे दाखवा. त्यांचा विरोध बाईच्या नावाला आहे की मुलाचं नाव वगळण्याला, हे आधी समजून घ्या. दोन्हींची उत्तरं वेगळी आहेत.

राहिलेलं पटापट. किंमत ५० लाखांच्या वर असल्याने १ टक्का टीडीएस, म्हणजे ७८ हजार, मालकाच्या पैशातून कापून सरकारजमा करणं तुमचं काम आहे, बँकेचं नव्हे. मालकाला द्यायच्या प्रत्येक रकमेतून कापा. सगळी रक्कम आधीच देऊन बसलात तर हे ७८ हजार तुमच्या खिशातून जातील. मालक अनिवासी भारतीय असेल तर कपातीचे नियम वेगळे आणि कडक आहेत, ते आत्ताच विचारा. कर्जासाठी कागद गहाण टाकल्यावर त्याची सूचना ३० दिवसांच्या आत दुय्यम निबंधकाकडे नोंदवायची असते. नोटीस ऑफ इंटिमेशन ती हीच. ती कर्जदाराची जबाबदारी आहे. बँकेचा माणूस करून देत असेल तर पावती मागून घ्या. फ्लोटिंग दराचं घरकर्ज व्यक्तीने मुदतीआधी फेडलं तर दंड लागत नाही, तेव्हा बोनस आला की मुद्दलात भरा. आणि कर्ज फिटल्यावर बँकेने मूळ कागद ३० दिवसांत परत करायचे असतात. तिच्यामुळे उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई आहे. गहाण टाकताना मिळालेली कागदांची यादी म्हणूनच जपून ठेवा.

राहिला गुरुवार. तो कायद्याने ठरलेला नाही. दस्त सही झाल्यापासून चार महिन्यांत नोंदवता येतो, आणि तुमची तर अजून सहीच व्हायची आहे. आज एजंटला फोन करून सांगा की मालकाच्या बँकेची दोन्ही पत्रं आणि साठेखताचा मसुदा मिळाल्यावर वकिलाला आठ दिवस हवेत. "दुसरं गिऱ्हाईक तयार आहे" हे ऐकायची तयारी ठेवा. फोन तुम्हीच करा, पण त्याआधी नवऱ्याला हे पाच लाखांचं गणित कागदावर मांडून दाखवा आणि पत्रातलं ६१ लाख ७० हजारांचं पान त्याच्यापुढे ठेवा. ते पान त्यानेही वाचलं नसेल, असा माझा अंदाज आहे.